पत्नीच्या नावाचा एकच रकाना

कुलवृत्तांत समित्यांच्या संपादकांस खुले पत्र



कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम निघाले की आधी माहितीपत्रक तयार होते. पूर्वी ते टपालाने जायचे, आता व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरते. मजकूर मात्र बहुतेक ठिकाणी तोच असतो: संपूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी-व्यवसाय, पत्नीचे नाव, मुलगे, मुली. मुलगी विवाहित असेल तर सासरचे आडनाव. ‘पत्नीचे नाव’ या शब्दांपुढे जेमतेम एक ओळ. ज्याची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत दुसरी आली, त्याच्या नातवाने त्या ओळीत कोणाला बसवायचे? ज्याचा घटस्फोट झाला, त्याने काय लिहायचे? भरणारा थोडा घुटमळतो आणि सध्या घरात असलेल्या बाईचे नाव लिहून मोकळा होतो. मग छापील पुस्तकात पहिलीची मुले दुसरीच्या नावाखाली जाऊन बसतात. लग्न २०१५ मध्ये आणि थोरल्याचा जन्म २००८ मध्ये, असा चमत्कार छापून येतो आणि मुद्रिते तपासणाऱ्यालाही तो खटकत नाही.

या पत्राचा विषय ती एक ओळ हाच आहे.

ती ओळ वाढवावी असे कोणी सुचवले की समितीच्या बैठकीत ठरलेली वाक्ये ऐकू येतात. घरातली लक्तरे वेशीवर कशाला टांगायची? सध्याच्या सूनबाईंना काय वाटेल? मोडलेले लग्न आपल्या पुस्तकात कशाला? यातल्या काही शंका रास्त आहेत, त्यांच्याकडे पुढे वळायचेच आहे. पण त्यांच्या मुळाशी एक गल्लत आहे. कुलवृत्तांत हा एकाच वेळी बखरही असतो आणि दप्तरही. घराण्याचा मूळपुरुष, कुलदैवत, इनामे, परदेशी गेलेले हुशार डॉक्टर, हा झाला बखरीचा भाग. तिथे कोणाला किती पाने द्यायची ते समितीने खुशाल ठरवावे. वंशावळ मात्र दप्तर आहे. तिथे नाव आले म्हणजे त्या व्यक्तीचा सत्कार झाला असे होत नाही. ती व्यक्ती होती, अमुकाशी तिचे लग्न झाले होते आणि त्या लग्नातून अमुक मुले झाली, इतकेच तिथे सांगायचे असते.

नावापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि तांदळावर सोन्याच्या अंगठीने लिहून पहिले नावही बदलण्याची चाल कित्येक घरांत होती, काही घरांत अजून आहे. एका माणसाच्या नावाचे तिन्ही भाग एकाच दिवशी पुसले गेले तर पुढच्या शोधकाने तिला ओळखायचे कशावरून? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरात १८६२ मध्ये यमुना नावाची मुलगी जन्मली. तीन वर्षांनी, १८६५ मध्ये, कल्याणच्या जोशांकडे दुसरी यमुना जन्मली. पहिली रमाबाई रानडे झाली, दुसरी डॉक्टर आनंदीबाई जोशी. दोघी प्रसिद्ध झाल्या, त्यांची चरित्रे लिहिली गेली, म्हणून हे आज ठाऊक आहे. त्या अप्रसिद्ध राहिल्या असत्या तर कुर्लेकरांच्या वंशावळीत एक यमुना लग्न होऊन अदृश्य झाली असती, रानड्यांच्या वंशावळीत एक रमाबाई कुठून तरी अवतरली असती आणि ती एकच बाई आहे हे सांगायला कोणी उरले नसते. आनंदीबाईंचे माहेरही जोशी आणि सासरही जोशी; तिथे तर घोटाळ्याला आणखी वाव. झाशीची राणी तांब्यांच्या घरातली मणिकर्णिका होती हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. आपल्याच घरातल्या पणजीचे जन्मनाव विचारले तर मोठी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

रमाबाईंच्या बाबतीत दुसरा मुद्दाही आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या त्या द्वितीय पत्नी. प्रथम पत्नी सखूबाई १८७३ मध्ये वारल्या आणि त्याच वर्षी हे लग्न झाले. सखूबाईंना वगळले तर रानड्यांच्या आयुष्यातला, त्यांच्यावर टीका झालेला एक प्रसंगच समजेनासा होतो: विधवाविवाहाचा पुरस्कर्ता विधुर झाल्यावर विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या मुलीशी करतो. वंशावळीतली एक वगळलेली सखूबाई इतके काही बरोबर घेऊन जाते.

एकच घर नमुन्यादाखल घ्यायचे तर महर्षी कर्व्यांचे घ्यावे. त्या घरात माहितीपत्रकाच्या बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र नांदत होत्या. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली. पुढे संततिनियमनासाठी झगडणारे रघुनाथ हे तिचे पुत्र. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. देवरुखच्या जोशांची ही मुलगी बालपणीच नातूंच्या घरात दिली गेली होती, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. कर्व्यांशी लग्न झाल्यावर ती आनंदीबाई झाली, घरात आणि पुण्यात बाया कर्वे. शंकर, दिनकर आणि भास्कर हे तिचे मुलगे.

आता हे आपल्या माहितीपत्रकात भरून पाहावे. ‘पत्नीचे नाव : आनंदीबाई’, खाली चार मुलगे. रघुनाथ आपोआप बायांचे पुत्र ठरले, राधाबाई संपल्या. बायांचे आधीचे लग्न लिहायला जागाच नाही, कारण माहितीपत्रक पुरुषाचे असते आणि त्याच्या बायकोला त्याच्या आधी काही आयुष्य असेल हे ते धरूनच चालत नाही. पण ते लग्न काढून टाकले तर कर्व्यांच्या गावाने, मुरूडच्या ब्रह्मवृंदाने, त्यांच्यावर बहिष्कार का टाकला, ते कसे सांगणार? ज्या नोंदीची आज लाज वाटेल असे कोणाला वाटते, तीच नोंद त्या घराच्या कीर्तीचे कारण आहे.

बायांना एक बहीण होती, तीही विधवा आणि तीही कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात आयुष्यभर राबलेली: पार्वतीबाई आठवले. आश्रमासाठी निधी जमवायला त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. एक कर्वे, दुसरी आठवले. माहेरचे ‘जोशी, देवरुख’ हे दोन शब्द गाळले की या दोघी सख्ख्या बहिणी होत्या हे कोणत्याही कागदावरून कळत नाही. कर्व्यांच्या वंशावळीला त्या दोन शब्दांचा खर्च किती आला असता?

याच घरात १९२६ च्या सुमारास दिनकररावांची पत्नी म्हणून इरावती करमरकर आल्या. त्या ब्रह्मदेशातल्या म्यिंजान इथे जन्मल्या आणि त्यांचे नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवले गेले. वडील तिथे नोकरीला असल्याने त्यांना लहानपणी पुण्याला शाळेत पाठवले गेले आणि त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर, वाढल्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले आणि मानववंशशास्त्राचे विद्यार्थी ते आजही वाचतात. कुळे, आडनावे, कोण कोणाला मुलगी देतो आणि कोण देत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. गावोगाव हिंडून त्यांनी जी माहिती मिळवली ती पुरुषांच्या नावांच्या उभ्या रांगेतून निघणे शक्यच नव्हते. सून कोणत्या घरातून आली, लेक कुठे गेली, मामाची मुलगी केली की नाही, हे विचारल्याशिवाय नातेव्यवस्था दिसत नाही.

आणि ती शकुंतला. शकुंतला परांजपे यांचे लग्न युरा स्लेप्झॉफ या रशियन चित्रकाराशी झाले आणि ते टिकले नाही. १९३८ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी आईकडे, आजोबांच्या घरात वाढली आणि आईचेच आडनाव लावून मोठी झाली. ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ करणाऱ्या सई परांजपे त्या ह्याच. कुलवृत्तांताच्या रूढ नियमाने चालायचे तर रँग्लर परांजप्यांच्या नावाखाली ‘कन्या शकुंतला’ इतकेच येईल आणि रेघ थांबेल. जिने परांजपे हे आडनाव दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांच्या तोंडी बसवले ती परांजप्यांच्या वंशावळीत नाही, हा निकाल कोणत्या समितीला पटेल? तिला घ्यायचे ठरवले तर वडिलांच्या जागी स्लेप्झॉफ हे नाव लिहावे लागेल, शेजारी विवाह संपला अशी खूण करावी लागेल. त्यात अवघड काहीच नाही. रकाना तेवढा हवा.

असे वाटेल की ही सुधारकांच्या पुण्यातली मोजकी उदाहरणे. मग राजघराण्याकडे पाहावे. शाळेच्या पुस्तकातली भोसल्यांची वंशावळ म्हणजे मालोजी, शहाजी, शिवाजी, मग संभाजी आणि राजाराम अशी पुरुषांची साखळी. तिच्यात फलटणचे निंबाळकर कुठेच दिसत नाहीत. बायकांची नावे भरा म्हणजे दिसतील: मालोजींच्या पत्नी उमाबाई निंबाळकरांच्या, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई निंबाळकरांच्या आणि सईबाईंची लेक सखुबाई परत निंबाळकरांकडे, सईबाईंचे भाऊ बजाजी यांच्या मुलाला दिलेली. तीन पिढ्यांचे हे येणे-जाणे दख्खनच्या राजकारणाचा कणा होते. यातले शेवटचे लग्न तर आणखी विचार करण्याजोगे आहे. मामाची मुलगी करावी, पण आईच्या माहेरी मुलगी देऊ नये, वेल परत फिरवू नये, असा संकेत मराठी मुलखात इरावतीबाईंनी नोंदवला. इथे तो बाजूला ठेवला गेला. मुसलमान झालेल्या बजाजींना हिंदू धर्मात परत घेतल्यावर हे लग्न झाले, असे इतिहासकार सांगतात. संकेत का मोडला त्याचे उत्तर तिथेच असावे.

पुढच्या पिढीत तर आईचे नाव गाळले की इतिहास चालतच नाही. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर ताराबाईंनी आपला मुलगा गादीवर बसवला. १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्तापालट झाला आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. दोघेही राजारामांचेच पुत्र. वडिलांच्या नावापुढे नुसते ‘पुत्र : शिवाजी, संभाजी’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला दोन भावांचे भांडण दिसेल. खरे भांडण दोन आयांचे होते. त्याच ताराबाईंनी म्हातारपणी रामराजाला आपला नातू म्हणून साताऱ्याच्या गादीसाठी पुढे केले आणि पुढे तो आपला नातू नाहीच असे जाहीर केले. वंशावळीचे भांडण राज्याचे भांडण झाल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

परंपरेला हे सोसणार नाही, असेही काही जण म्हणतील. परंपरेने काय केले आहे ते भाद्रपदात पाहावे. महालय श्राद्धात गुरुजी फक्त बाप, आजा, पणजा एवढ्यांवर थांबत नाहीत. आई, आजी, पणजी यांची नावे गोत्रासह विचारतात. सापत्न मातेचे नाव विचारतात. आईचे वडील, आईची आई आणि त्यांच्या मागच्या पिढ्या येतात. मग पत्नी, मुलगी, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, मेहुणा, गुरू, शिष्य, जवळचा स्नेही. यजमान गडबडतो, फोन करून मावशीच्या सासूला नावे विचारतो, शेवटी ‘नाम न जाने’ म्हणून वेळ मारून नेतो. म्हणजे ज्या विधीला आपण पितरांचा म्हणतो त्यातली यादी कुलवृत्तांताच्या यादीपेक्षा किती तरी उदार आहे. अविधवा नवमी तर सवाष्ण गेलेल्या बाईसाठी वेगळी राखून ठेवली आहे. काही घरांत दुसरी बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची. त्यामागे भीती होती की आदर, हा भाग निराळा. पहिली होती हे कोणी लपवत नव्हते.

मोडलेल्या लग्नांचेही तसेच. घटस्फोट काल-परवा शहरातून आला, ही समजूत पांढरपेशांची. दख्खनमधल्या कित्येक जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, विधवेचा आणि टाकलेल्या बाईचा पाट लागत होता. आर्थर स्टील यांनी १८२७ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या आज्ञेवरून दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज जमा केले, त्यात या चालींची नोंद आहे. लग्नाची बायको कोणती, पाटाची कोणती आणि कोणाच्या मुलांना काय मिळायचे, हे पंचांना ठाऊक असावेच लागे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, बडोद्यातला घटस्फोटाचा कायदा १९३१ चा, मुंबई प्रांतातला १९४७ चा, देशभरातला हिंदू विवाह कायदा १९५५ चा. इतकी वर्षे लोटली तरी कुलवृत्तांताच्या मांडणीला त्यातले काही ठाऊक नसावे, हे नवल आहे.

डॉक्टर रखमाबाईंची नोंद कशी करावी, हा प्रश्न कोणत्याही समितीने बैठकीत सोडवून पाहावा. जन्म १८६४. वडील जनार्दन पांडुरंग. ते गेल्यावर आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात त्याला मान्यता होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला, पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने, पुढचा विरुद्ध लागला: नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोटला त्यांनी रुग्णालये चालवली. आज पुष्कळदा त्यांचे नाव रखमाबाई राऊत असे लिहितात. राऊत हे सावत्र वडिलांचे आडनाव. दादाजी १९०४ मध्ये वारले तेव्हा, म्हणतात की, त्यांनी विधवेचा वेष घेतला. जन्मदाता एक, वाढवणारा दुसरा, नवरा नावापुरता, लग्न कायद्याने न मोडलेले आणि प्रत्यक्षात कधी न झालेले. एका ओळीच्या रकान्यात हे बसत नाही. चार ओळींत मात्र सगळे व्यवस्थित बसते, आत्ताच बसले.

सरकारी कागद कुलवृत्तांताच्या पुढे गेले आहेत, निदान एक पाऊल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव सक्तीचे केले: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. त्यातही आईचे फक्त पहिले नाव येते, माहेर कळत नाही. वारसाहक्काच्या कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने उभे केले. वारस नोंदीसाठी तलाठ्यापुढे वंशावळ मांडताना लेकी वगळल्या तर आज ती वंशावळ खोटी ठरते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना याचे अप्रूप वाटणार नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बाप आणि आई दोघांची नावे लिहिण्याची रीत तिथे शतकानुशतके आहे.

आता रास्त शंकांकडे. घटस्फोट घेतलेली बाई हयात असेल, तिचा दुसरा संसार असेल आणि तिला पहिल्या घराच्या पुस्तकात आपले नाव नको असेल, तर तो तिचा हक्क आहे. तिला विचारल्याशिवाय नाव छापू नये. पत्ता, फोन, घटस्फोटाचे कारण, कोर्टाचे तपशील हे तर तिने हो म्हटले तरी छापू नयेत. वंशावळीला त्यांची गरजच नाही. तिने नकार दिला तर मुलांच्या नावांपुढे ‘आई : पहिल्या विवाहातून’ एवढे पुरे. दुसऱ्या पत्नीच्या नावाखाली ती मुले घालणे हा मात्र पर्याय नव्हे. ती दोघींवर आणि मुलांवर लादलेली खोटी नोंद होते, आणि मुले मोठी होऊन पुस्तक चाळतातच. हाच नियम पुरुषांनाही लागू करावा. घराण्यातल्या लेकीचा घटस्फोट झाला असेल तर जावयाचे नाव तिच्या आणि जावयाच्याही इच्छेने यावे. मृतांच्या बाबतीत, निदान आजोबांच्या पिढीपलीकडे, लपवण्याला फारसे कारण उरत नाही.

डॉक्टरकडे गेले की तो घरात कोणाला काय झाले होते ते विचारतो, तेव्हा या सगळ्याचा रोकडा उपयोग कळतो. हिमोफिलियासारखा आजार आईकडून मुलाकडे येतो. आईच्या भावांची, आजीच्या भावांची नावे ज्या वंशावळीत नाहीत ती डॉक्टरपुढे ठेवून काही साधणार नाही. समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते घराचा आलेख काढतात तेव्हा विभक्त जोडप्याच्या रेघेवर एक तिरपी रेघ मारतात आणि घटस्फोटितांच्या रेघेवर दोन. जागा लागत नाही, शब्द लागत नाहीत आणि बोभाटाही होत नाही. ही खूण उचलायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात एवढे बदल व्हावेत. प्रत्येक स्त्रीसाठी जन्मनाव, माहेरचे आडनाव व गाव आणि लग्नानंतरचे नाव, असे तीन रकाने असावेत. घरातल्या लेकींसाठीही आणि सुनांसाठीही. ‘पत्नीचे नाव’ याऐवजी ‘विवाह’ असा तक्ता असावा, किमान तीन ओळींचा, त्यात वर्ष, जोडीदार आणि विवाह कसा संपला (मृत्यू, घटस्फोट, अथवा चालू) हे यावे. स्त्री-पुरुष दोघांनाही तोच तक्ता द्यावा. प्रत्येक मुलापुढे ते कोणत्या विवाहातले याचा आकडा असावा आणि दत्तकाच्या नोंदीत जन्मदात्यांची नोंद शक्य तिथे राहावी. लेकींची मुले निदान एक पिढी तरी यावीत. काही समित्यांनी माहेरवाशिणींची स्वतंत्र पाने सुरू केली आहेत, पण ती पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात न ठेवता त्यांच्या भावांच्या शेजारी यावीत. छपाईची पाने वाढतील हे खरे. वर्गणीदारांच्या छायाचित्रांची पाने थोडी कमी केली तर हिशेब जुळेल.

ज्या आवृत्त्या छापून झाल्या त्यांच्यासाठी पुरवणी काढता येते. घराण्यातल्या ऐंशीच्या पुढच्या बायकांकडे आधी जावे, तेही माहितीपत्रक न घेता, वही घेऊन. त्यांना स्वतःचे जन्मनाव, सासूचे माहेर, सवतीचे नाव आणि कोणाची पोर कोणाकडे वाढली हे सगळे पाठ असते. येत्या दिवाळीच्या सुटीत, कुलसंमेलनाची वाट न पाहता, हे काम सुरू करावे.